विषारी प्रथिने : एक बंध आणि एक भोक

प्रश्न : बुरशी आणि समुद्रपुष्प, म्हणजेच सी ॲनिमोन, यांच्या विषारी प्रथिनांचा अभ्यास एकाच प्रयोगशाळेत चालतो, असे वाचले. त्यांचे कार्य सारखेच असते का?

उत्तर : नाही, मारण्याची तऱ्हा अगदी निराळी आहे. ॲस्परजिलस जायगँटियस या बुरशीचे अल्फा-सार्सिन हे अवघ्या 150 अमिनो आम्लांचे प्रथिन रायबोसोममधील (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतील) आरएनएच्या हजारो बंधांपैकी नेमका एकच बंध तोडते. तेवढ्याने प्रथिननिर्मिती ठप्प होऊन पेशी मरते. समुद्रपुष्पांची ॲक्टिनोपोरिने मात्र आत शिरण्याच्या फंदात पडत नाहीत. पाण्यात विरघळलेला रेणू पेशीपटलातील स्फिंगोमायलिन या मेदाला चिकटतो, आपल्या टोकाचा सर्पिल भाग पटलात खुपसतो, आणि असे अनेक रेणू (2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका स्फटिकरचनेत ते आठ दिसतात) कडे करून आरपार भोक पाडतात. पाण्यात सुखाने राहणाऱ्या प्रथिनाने मेदात असे रूप पालटावे, हे मला यात सर्वांत विलक्षण वाटते.

माद्रिदच्या कॉम्प्लुटेन्से विद्यापीठात दोन्हींवर काम झाले आहे. अल्फा-सार्सिनला निरोगी पेशीत शिरणे अवघड जाते, म्हणून कर्करोगाच्या पेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला ते जोडून तेथे पोहोचवण्याचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत.