जिवंत पेशीत आरएनए चमकतो तो कसा?

प्रश्न: मी बायोटेक दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी वर्गात एक व्हिडिओ दाखवला, त्यात पेशीत हिरवे ठिपके पळत होते आणि सर म्हणाले हा आरएनए. पण आरएनए तर चमकत नाही ना? मग आपण नक्की बघतो काय? आणि पेशी मारावी नाही लागत?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: तुझी शंका एकदम रास्त आहे. आरएनए, म्हणजे पेशीने काढलेली जीनची प्रत, स्वतः असा चमकत नाही, दिसतो तो त्याला लावलेला टॅग. जेलीफिशमधलं हिरवं प्रोटीन जीएफपी (२००८चं केमिस्ट्रीचं नोबेल याच कामाला) दुसऱ्या प्रोटीनला जोडायचं तर जीनला जीन जोडली की झालं, पण आरएनएला ते असं सरळ जोडता येत नाही. मग १९९८मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट सिंगरच्या लॅबने यीस्टमध्ये भारी वाट काढली. एमएस२ नावाचा एक व्हायरस आहे, बॅक्टेरियात वाढणारा, त्याचं कवचाचं प्रोटीन आरएनएच्या एका ठरावीक हेअरपिनलाच (आरएनए स्वतःवरच दुमडून झालेला आकडा) घट्ट धरतं. म्हणून जो आरएनए बघायचाय त्याच्या शेपटाकडे ते हेअरपिन ओळीने घालायचे आणि कवचाच्या प्रोटीनला जीएफपी जोडून तेही पेशीतच बनवायचं. आता साधारण २४ हेअरपिन घालतात, प्रत्येकावर दोन प्रोटीन बसतात, म्हणजे एका आरएनएवर ४८ जीएफपी, म्हणून एकटा रेणूसुद्धा ठिपका होऊन दिसतो. मोकळं उरलेलं जीएफपी सगळीकडे चमकून घोळ घालेल ना, तर त्याला न्यूक्लियसमध्येच राहायचा सिग्नल लावतात, त्यामुळे बाहेर अंधार राहतो आणि ठिपका उठून दिसतो. त्या पहिल्या प्रयोगात एएसएच१ या जीनचा आरएनए यीस्टच्या नव्या कळीच्या टोकाकडे जाताना जिवंत पेशीत दिसला, मला तर हे अजूनही विलक्षण वाटतं.

दुसरी पद्धत स्पिनॅच, २०११, सामी जाफ्रींची लॅब. यात प्रोटीनच नको, आरएनएचाच एक तुकडा असा घडी घालतो की त्यात एक छोटा डाय बसतो, आणि तो डाय बसला तरच चमकतो, एरवी जवळपास विझलेलाच. नंतर ब्रोकोली, मँगो, पेपर (pepper) असे भाऊबंद आले.

पण एवढं ओझं लावल्यावर आरएनए पहिल्यासारखाच वागतो का, खरा मुद्दा हा आहे. यीस्टमध्ये लक्षात आलं की एमएस२चं प्रोटीन इतकं घट्ट बसतं की आरएनए तुटायला लागला तरी हेअरपिनवाला तुकडा तसाच उरतो, आणि आपण तो तुकडा बघून अख्खा आरएनए समजतो. हा आक्षेप रॉय पार्कर यांच्या लॅबचा, आणि २०१८मध्ये सिंगरच्या लॅबने प्रोटीन कमी घट्ट बसेल असे हेअरपिन तयार केले तेव्हा त्या शोधनिबंधात पार्करही सोबत होते, सायन्स असंच व्हायला हवं.

पेशी मारायचं म्हणशील तर ती फिश (FISH) पद्धत, फॉर्मल्डिहाइडने पेशी फिक्स करून, म्हणजे आहे तशी थिजवून, चमकते प्रोब (हव्या त्या आरएनएलाच चिकटणारे छोटे तुकडे) सोडायचे. तिथे हालचाल दिसत नाही, पण आरएनएला आधीपासून काही जोडलेलं नसतं, म्हणून पडताळणीला तीच वापरतात. सरांना विचार, त्या व्हिडिओत टॅग कोणता होता आणि सोबत बिनटॅगच्या पेशींचं फिश केलं होतं का.