घोडी रडते का हो ताई?

प्रश्न : ताई, मी शहाद्याकडची, शाळेत शिकवते. कादंबरी लिहायला घेतलीय, १४० पानं झाली, सोबत पाठवतेय. नवरा ॲक्सिडेंटमध्ये जातो, मागे सासू, सहा वर्षांचा मुलगा आणि वरातीला भाड्याने जाणारी नुकरा, म्हणजे पांढरी घोडी. कर्जापायी नायिका घोडी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात विकायला नेते, गिऱ्हाईक ठरतं, तेवढ्यात घोडी रडते आणि ही तिला परत घरी आणते. मैत्रीण म्हणाली सिरियल वाटतेय. काय चुकलं?

उत्तर : मैत्रीण बरोबर बोलली, राग नका मानू. घोड्याच्या डोळ्यातून पाणी येतं ते धुळीने, माशांनी, नाहीतर डोळा दुखतोय म्हणून, आणि दत्तजयंतीला तापीकाठी एवढे घोडे जमल्यावर धूळ काय कमी उडते का! विकायला आणलेल्या घोडीचे डोळे गळताना दिसले तर गिऱ्हाईक आधी भाव पाडेल हो. तो ओठ उचलून दात बघणार, देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा, शोधणार, चालवून बघणार, आणि हे सगळं नवऱ्याला कळायचं, हिला नाही. ती नुसती दोरी धरून उभी आहे. हा सीन लिहा.

अजून एक. तुमची घोडी होळीला फळवली आणि दिवाळीला व्याली, असं कसं? ११ महिने लागतात. होळी ते दत्तजयंती ९ महिने, म्हणजे बाजारात ती गाभण असेल, भाव दोन जिवांचा होईल. आणि परत आणली तर विणार माघात, ऐन लग्नसराईत, शेवटचे महिने तर तिच्यावर नवरदेव बसवताच येत नाही. मग घर कशावर चालेल?

पण मला खरं खटकलं ते वेगळंच. घोडी वरातीची, बाई विधवा. लगाम धरून नवरदेवापुढे चालणार कोण? आपल्याकडे अजून हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, ही तर मांडवाच्या दारापर्यंत जाणार, कोणीतरी म्हणणारच की घोडी पाठवा, तुम्ही नका येऊ. दीराला पाठवलं तर तो वाटा मागेल. पोराला पुढे करायचं, तर ते सहा वर्षांचं. १४० पानांत हे एकदाही येत नाही, घोडी परत आणली आणि तुम्ही पुस्तक संपवलंत, अहो तिथून तर सुरू होतं!

आणि सासू एवढी पुणेरी का बोलते? पहाटे गोठ्यात सून दिसल्यावर ती अहिराणीत 'काय करी ऱ्हायनी व माय' असंच म्हणेल ना. तिला बोलू द्या. सून लगाम धरून पहिल्यांदा निघते तेव्हा ही म्हातारी काय म्हणते, ते मला वाचायचंय, तेवढी पानं आधी पाठवा.