शनिवार-रविवारी खेळणारे सहा जण

गेल्या अंकात फँटसी गोल्फवर (खऱ्या स्पर्धेतले गोल्फर निवडून आपली कागदी टीम लावायची, त्यांच्या खेळावर आपले गुण) चार ओळी लिहिल्या आणि फोन वाजायचा थांबेना. नौपाड्यातल्या आमच्या गटात बिनपैशाची लीग चालते, तिच्या हिशेबाची शीट माझ्याकडे असते. संख्याशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, त्यामुळे ते काम आपसूकच गळ्यात पडलं. आलेल्या प्रश्नांपैकी बऱ्याच जणांच्या कामाचे आहेत ते आज घेते.

प्रश्न: ऑफिसात आम्ही आठ जण मिळून खेळतो. खोट्या पैशात 50,000 डॉलर, त्यात सहा गोल्फर घ्यायचे. मी दरवेळी स्कॉटी शेफलर घेतो. तो वर असतो, माझी टीम मात्र तळाला. शुक्रवारीच माझे दोन-तीन गडी घरी गेलेले असतात. कुठे चुकतंय? (एक आयटीवाला, ऐरोली)

उत्तर: शेफलरला घेण्यात काही चूक नाही. त्याला घेतल्यावर जे उरतं, ते तुम्ही कसं खर्च करता ते बघा. 50,000 मध्ये सहा जण म्हणजे माणशी 8,333. समजा शेफलर 12,500 ला पडला. उरले 37,500. इथपर्यंत ठीक, पाच जणांना 7,500 येतात. पण मला दाट शंका आहे की तुम्ही लगेच 10,000 चा दुसरा स्टारही उचलता. मग चार जणांसाठी उरतात 27,500, म्हणजे माणशी सात हजारांच्याही खाली. त्या भावात मिळणारे गोल्फर वाईट नसतात, पण त्यांचं कटमधून, म्हणजे दोन दिवसांनंतरच्या गळतीतून, पार होणं बेभरवशाचं असतं.

आणि सगळी गोम त्या कटमध्ये आहे. क्रिकेटची टीम लावायची सवय असलेल्यांच्या हे चटकन ध्यानात येत नाही. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेला निदान झेल तरी घेतो. गोल्फ चार दिवसांचा, रोज 18 होल. दोन दिवस झाले की खालचे घरी. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकेच्या नेहमीच्या स्पर्धेत पहिले 65 आणि 65 व्या क्रमांकावर बरोबरीत असलेले पुढे जातात. चार सर्वांत मोठ्या स्पर्धांचे आकडे वेगळे: मास्टर्सला 50, यूएस ओपनला 60, ब्रिटिश ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिपला 70, तिथेही बरोबरीतले धरून. कट हुकलेल्याचा शनिवार-रविवार कोरा, त्याच्या नावावर एकही गुण चढत नाही.

आता थोडं गणित. तुमच्या सहाही जणांची कट पार करण्याची शक्यता 65 टक्के धरा. सहाच्या सहा शनिवारी मैदानात असण्याची शक्यता किती? 0.65 चा सहावा घात, म्हणजे साडेसात टक्के. तीच शक्यता माणशी 75 टक्के केलीत तर पावणेअठरा टक्के होते. माणशी दहाच टक्क्यांचा फरक, आणि सहा जण टिकण्याची शक्यता दुपटीहून जास्त. म्हणून मी टीम लावताना आधी वरचा स्टार ठरवत नाही. सर्वांत स्वस्त गडी ठरवते. हा शनिवारी खेळेल का, एवढंच त्याच्याबाबत विचारते. तो पटला की मग वर चढत जाते.

दोन ठिकाणी हा नियम सैल करा. ज्या मोजक्या बड्या स्पर्धांना कटच नसतो, तिथे शेफलर डोळे झाकून घ्या, स्वस्तातलेही चार दिवस खेळणारच असतात. दुसरी मास्टर्स. तिथे शंभरही खेळाडू नसतात, त्यात वय झालेले जुने विजेतेही मानानं खेळायला येतात. अशा गर्दीतून 50 जण पुढे जाणार असतील तर स्वस्तातला माणूस घेणं परवडतं. नेहमीच्या सव्वाशे-दीडशे जणांच्या स्पर्धेत तसं परवडत नाही.

प्रश्न: मी सिडकोच्या गोल्फ कोर्सवर रविवारी खेळते. शेवटी सगळं पटिंगवर, म्हणजे होलभोवतीच्या ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घालण्यावर येतं, हा स्वतःचा अनुभव. म्हणून गेल्या आठवड्यात ज्याचा पटर (पटिंगची काठी) तापलाय त्यालाच घेते. पण पुढच्या आठवड्यात तोच पोपट करतो. (खारघर)

उत्तर: तुमचा अनुभव खरा आहे, पण तो झालेल्या स्पर्धेचा आहे. झालेल्या स्पर्धेत वर कोण आलं ते बघितलं तर ज्याचे पट पडले तोच दिसणार. पुढच्या आठवड्यात ते पडतील का, हा वेगळा प्रश्न. ठाण्याला सकाळच्या फास्टमध्ये आज खिडकी मिळाली म्हणून उद्या मिळेलच असं कुणी धरून चालतं का?

कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी यासाठी एक माप तयार केलं, त्याला स्ट्रोक्स गेन्ड म्हणतात. पीजीए टूरनं 2011 पासून ते आधी पटिंगसाठी वापरायला घेतलं. कल्पना साधी आहे. टूरवरचे खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मे पट घालतात, म्हणजे तिथून सरासरी दीड फटके लागतात. तुमच्या माणसानं एका फटक्यात घातला तर त्यानं अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. 33 फुटांवरून सरासरी दोन लागतात, तिथून दोनात घातला तर कमाई शून्य. प्रत्येक फटक्याचा असा हिशेब लावला की टी-वरून (होलच्या पहिल्या फटक्यात) कोण कमावतो, ग्रीनवर चेंडू आणताना कोण, चिपिंगमध्ये (ग्रीनलगतच्या छोट्या फटक्यांत) कोण आणि पटिंगमध्ये कोण, हे चार रकाने वेगळे होतात.

ब्रॉडी यांच्या हिशेबात अव्वल खेळाडूंची बाकीच्यांवरची आघाडी सुमारे दोन-तृतीयांश शंभर यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांतून येते. पटिंगचा वाटा त्यापेक्षा खूपच कमी, आणि तो आठवड्यागणिक वर-खाली होतो. माझ्या शीटवर म्हणून 'अ‍ॅप्रोच'चा (ग्रीनवर चेंडू आणण्याचा) रकाना पहिला आहे आणि पटिंगचा शेवटचा. मला आवडणारा गडी कोणता? गेल्या तीन-चार स्पर्धांत आयर्न (अ‍ॅप्रोचच्या काठ्या) झकास चाललेत, पट मात्र पडत नाहीयेत, त्यामुळे नाव तिसाव्या-चाळिसाव्या नंबरवर आणि भाव उतरलेला. असा दिसला की मी हात आखडता घेत नाही.

प्रश्न: सावध खेळणारे घ्यावेत की मारकुटे? (पाचपाखाडी)

उत्तर: हे तुमच्या लीगच्या गुणांवर ठरतं. होलला ठरवून दिलेले फटके म्हणजे पार; एक कमी लागला तर बर्डी, दोन कमी तर ईगल, एक जास्त तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी. आपल्याकडच्या बहुतेक गटांनी अमेरिकन पद्धतच उचलली आहे: ईगलला 8, बर्डीला 3, पारला अर्धा, बोगीला उणे अर्धा, डबल बोगीला उणे 1, बोगीविना राउंड झाला तर 3 जास्तीचे. आता दोघे घ्या, दोघांचाही 18 होलचा राउंड दोन अंडर, म्हणजे पारपेक्षा दोन फटके कमी. पहिल्याच्या 2 बर्डी, 16 पार: 6 अधिक 8 अधिक बक्षिसाचे 3, झाले 17. दुसऱ्याच्या 6 बर्डी, 4 बोगी, 8 पार: 18 वजा 2 अधिक 4, झाले 20. स्कोअरबोर्डवर दोघे शेजारी, फँटसीत दुसरा पुढे. पहिल्याला बोगीविना राउंडचं बक्षीस मिळूनसुद्धा.

रोरी मॅकिलरॉयनं 2025 ची मास्टर्स जिंकली ती चार डबल बोगी करून, प्लेऑफमध्ये (बरोबरी फोडायच्या जादा खेळात) जस्टिन रोझला हरवून. टीव्हीवर बघणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता. फँटसीत त्या चार डबल बोगींची किंमत फक्त उणे 4, दीड बर्डीत फिटली. तेव्हा मारकुटे घ्या, पण कट पार करणारे मारकुटे घ्या. नुसते मारकुटे शुक्रवारी विमान पकडतात.

प्रश्न: 'कोर्स बघून खेळाडू निवडा' असं सगळे म्हणतात. आम्ही टीव्हीवर बघतो तेव्हा सगळे कोर्स हिरवेगारच दिसतात. (घोडबंदर रोड)

उत्तर: घरचंच उदाहरण देते. ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली. मॅकिलरॉय आला होता. लांब ड्राइव्ह मारणं ही त्याची सर्वांत मोठी ताकद, पण तिथले फेअरवे (टी ते ग्रीनमधले कापलेल्या गवताचे पट्टे) चिंचोळे आणि दोन्ही बाजूंना झुडपांचं रान. चेंडू आत गेला की शोधत बसा. त्यानं आधीच सांगून टाकलं की इथे ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायची काठी) वापरणार नाही. म्हणजे तुम्ही जास्तीचे पैसे ज्या गुणासाठी मोजता, तो गुण त्या आठवड्यापुरता बॅगेतच राहणार. जिंकला टॉमी फ्लीटवूड, 22 अंडर.

उलट मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टाला 2, 8, 13 आणि 15 हे चार पार-फाइव्ह (पाच फटक्यांचे होल) आहेत आणि लांब मारणारा तिथे दोन फटक्यांत ग्रीन गाठून बर्डी वसूल करतो. तिथे कोर्सची ओळखही लागते. पहिल्याच खेपेला मास्टर्स जिंकणारा शेवटचा खेळाडू 1979 चा फझी झेलर. पदार्पण करणाऱ्याला कट पार करण्यासाठी घ्या, जिंकण्यासाठी नको. मास्टर्सनंतरच्या आठवड्यातलं हार्बर टाउन पुन्हा वेगळं: चिमुकल्या ग्रीन, वाटेत झाडं. तिथे नेम महत्त्वाचा. एवढे तीन प्रकार ओळखता आले तरी पुरे. गवताच्या जातीपर्यंत जाणारे लोक आमच्या गटात आहेत, त्यांचा नंबर काही वर येताना दिसला नाही.

प्रश्न: आपला माणूस म्हणून अक्षय भाटिया, साहिथ थीगाला यांना घ्यावं का? (वाशी)

उत्तर: दोघेही अमेरिकेत जन्मले-वाढले, पण कौतुक वाटतं हे खरं. भाव पटला तर घ्या, आडनावासाठी नको. मलाही भारताचा अनिर्बन लाहिरी 2022 च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये एका फटक्यानं दुसरा आला तेव्हाचा सोमवार आठवतो. आठवण ठेवावी, टीम वेगळी लावावी.

प्रश्न: भाचा म्हणतो, परदेशी साइटवर खरे पैसे लावून खेळता येतं, व्हीपीएन टाकायचं फक्त. (नाव छापू नये, कोपरी)

उत्तर: नको. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यानं बंद केले, कौशल्याचा असो की नशिबाचा. आपल्याकडच्या मोठ्या फँटसी कंपन्यांनी पैशाचे सामने थांबवले ते त्यामुळेच. कायद्याचा बडगा चालवणाऱ्यावर, जाहिरात करणाऱ्यावर आणि पैसे फिरवणाऱ्यावर आहे, हे भाचा तुम्हाला सांगेलच. पण परदेशी साइटनं तुमचे पैसे अडकवले तर दाद कुणाकडे मागणार, तेही त्याला विचारा. आमच्या गटात तळाला राहिलेला तलावपाळीवर सगळ्यांना भेळ देतो, ईर्ष्या तेवढ्यानंही होते.

प्रश्न: टीम कधी नक्की करायची? आणि रविवारी रात्रभर जागायचं का? (कळवा)

उत्तर: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे 7 म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे साडेचार. पहिला चेंडू उडाला की टीम बंद, म्हणून गुरुवारी दुपारी चहाच्या सुट्टीत एकदा यादी उघडाच. कुणी पाठदुखीनं माघार घेतली असेल तर तेव्हाच कळतं, नंतर बदलता येत नाही. तेव्हाच वाऱ्याचा अंदाजही बघा. जे गुरुवारी सकाळी खेळतात ते शुक्रवारी दुपारी, आणि उलट. शुक्रवारी दुपारी वारा सुटणार असेल तर गुरुवारी दुपारी निघणारे फायद्यात. दोन खेळाडूंत अडलात तर यावर ठरवा.

रविवारी जागून काही हाती लागत नाही, टीम तर गुरुवारीच बंद झालेली. मास्टर्सचा शेवट आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचारच्या सुमारास होतो. तो बघायचाच असेल तर झोपून उठून बघा, शेवटचे नऊ होल सापडतात.