पट्ट्याची सवय लागेल का?

‘ताई, हा प्लास्टिकचा बूट एकदा चढवला की पाय त्याच्याच भरवशावर राहणार. मग काय, जन्मभर घाला!’ लहान मुलांच्या कॅन्सर विभागात हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ऐकताच खुर्ची पुढे ओढून बसते. या वेळी बोलणारी आजी होती. नातू सहा वर्षांचा, रक्ताचा कॅन्सर, केमो चालू. मापाचा साचा घेऊन बनवलेली एएफओची, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची, जोडी पंधरा दिवस पिशवीतच होती.

मी आधी त्याची सँडल उलटी करून पाहिली. पुढचं टोक झिजून पातळ झालेलं, टाच मात्र जवळजवळ नवी. पंजा वर उचलत नव्हता, म्हणून तो गुडघा उंच घेऊन चालायचा आणि पाऊल ‘थप्प’ आपटायचं. ‘पोरगं कुठं हाय ते चुलीपाशी बसून कळतं मला,’ आजी म्हणाली.

बोलता बोलता खरं कारण निघालं. आजीच्या धाकट्या दिराला पोलिओ झाला होता. लोखंडी कॅलिपर त्याच्या पायाला शेवटपर्यंत होतं.

मग मी अंगणातल्या सदाफुलीपासून सुरुवात केली. नातवाच्या केमोतलं व्हिन्क्रिस्टिन हे औषध त्या झाडातूनच मिळतं. कॅन्सरची पेशी ज्या बारीक धाग्यांच्या आधाराने दुभंगते, ते धागे ते मोडतं. नसांमध्येही तसेच धागे असतात आणि त्यांच्यावरूनच मालाची ने-आण चालते. सगळ्यात लांब नसा पायाच्या, म्हणून पहिला फटका पावलांना. पण पोलिओत नसेची मूळ पेशीच मरते. इथे मूळ बहुधा जिवंत असतं, शेंडा सुकतो. तो पुन्हा वाढतो, पण फार हळू, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. केमो संपल्यावरही महिने जातात, काहींचा थोडा अशक्तपणा मागे राहतो. हेही मी लपवलं नाही.

तोवर पट्टा पाय अडखळू देत नाही, पोटरी आखडू देत नाही. स्नायू त्याने दुबळे होत नाहीत. पडायच्या भीतीने मूल बसून राहिलं की होतात. व्यायामाच्या वेळी पट्टा काढायचाच असतो.

बाकी गोष्टी आईने टिपून घेतल्या: आत लांब सुती मोजा, पट्ट्यावरून घालायचा बूट एक नंबर मोठा, पट्टा काढल्यावर लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर पट्टा बनवणाऱ्याकडे परत. पाय बधिर असतात, म्हणून गरम पाण्याची पिशवी आणि आजीचं कढत तेल दोन्ही बंद. तेलावरून आजी जरा रुसली. मालीश कोमट तेलाने, यावर तडजोड झाली.

नातवाची अडचण निराळीच होती. पट्ट्यावर डायनासोर हवा होता. स्टिकर तिथेच लावला.

चार महिन्यांनी आजीचा फोन आला. ‘ताई, आता बूट काढून चालला तरी एकाच पायाचा आवाज येतोय. डाव्या.’