चिनी चित्रकर्त्यांनी आईपण कसं रंगवलंय?

चिनी स्त्री-चित्रकारांनी मातृत्वावर काही खास काम केलंय का, असं विचारलंय. केलंय की! माझं ऐकाल तर सुरुवात यू होंगपासून करा.

यू होंगने (जन्म १९६६) १९९९ मध्ये एक मालिका सुरू केली. नावाचा अर्थ साधारण 'वाढण्याची साक्ष'. आयुष्यातल्या एकेका वर्षाचं स्वतःचं चित्र, आणि शेजारी त्याच वर्षी वर्तमानपत्रात किंवा मासिकात छापून आलेला फोटो. एकीकडे घरातली पोर, दुसरीकडे देशाची बातमी. १९९४ साली तिला मुलगी झाली, म्हणून मालिकेत त्या वर्षापासून जोडीचं त्रिकूट झालं. तिथून पुढच्या प्रत्येक वर्षाला लेकीचंही चित्र. आईपण म्हणजे काय, हे ती समजावत बसत नाही. भिंतीवर एक चौकट वाढते, बस्स. त्या काळी चीनच्या शहरांत एकाच मुलाची मुभा होती, हे लक्षात ठेवून ती चौकट बघा.

पान यूलियांगची (१८९५–१९७७) तऱ्हाच निराळी. लहानपणीच पोरकी झाली, कुंटणखान्यात विकली गेली, पुढे शांघाय, पॅरिस, रोम इथे चित्रकला शिकली. पोटचं मूल नाही. तरी तिने मायलेकरं पुन्हा पुन्हा काढली: भरल्या अंगाची बाई, छातीशी बाळ, शाईची बारीक, लवचिक रेघ. मला त्यात गोडवा कमी आणि वजन जास्त दिसतं. तिची बहुतेक चित्रं आता चीनमध्येच, हफेइ शहरातल्या आन्ह्वेई संग्रहालयात आहेत.