घाटात गरम होणारी स्विफ्ट, तीही ओळखीतली

प्रश्न: मी वाईला राहतो, पाचगणीला शाळेत नोकरी. रोज पसरणी घाट बाइकवर, पावसाळ्यात धुक्यात मी घरी पोचेपर्यंत बायकोचा जीव थाऱ्यावर नसतो. मेव्हण्यांच्या ओळखीत एक स्विफ्ट डिझेल आहे, नोव्हेंबर २०१२ ची, एमएच-१२ पासिंग, सेकंड ओनर, मीटरवर ७८ हजार. एक लाख चाळीस मागतायत. क्लच जड आहे, एसी गार करत नाही, मागचे दोन टायर गेलेत आणि घाट चढताना गाडी गरम होते, पण ओनर म्हणतो एसी बंद केला की काही प्रॉब्लेम नाही. मेकॅनिकच्या मते ३५-४० हजारात गाडी चकाचक होईल. घ्यावी का?

उत्तर: तुम्ही चार दुखणी लिहिलीत, मला त्यातलं एकच दिसतंय. क्लच, एसी, टायर ह्यांना रेट असतो. दोन गॅरेजात विचारलं की आकडा कळतो, तेवढे किमतीतून कमी करायला सांगायचे, विषय संपला. गरम होण्याला रेट नसतो. फॅन चालत नसेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, रेडिएटर चोक असेल तर काही हजारात भागतं. पण हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक ह्यांच्यामधलं सील) गेलं असेल किंवा हेडच वाकलं असेल तर इंजिन खोलेपर्यंत कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, तुमचा मेकॅनिकपण नाही. त्यामुळे त्या ३५-४० हजारात हीटिंगचं नेमकं काय धरलंय ते आधी विचारा. आणि एसी बंद केला की ठीक म्हणजे कूलिंग कसंबसं पुरतंय, एवढाच त्याचा अर्थ.

सकाळी लवकर जा, आणि आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं बोनेटला हात लावून बघा, कोमट लागलं तर गाडी आधीच गरम करून ठेवलीय. गाडी थंड असतानाच कुलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, झाकण उघडा (गरम गाडीचं अजिबात उघडायचं नाही, तोंडावर उडतं). आत रंगीत कुलंट असायला हवं, गंजाचं तांबडं पाणी दिसलं तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरत आलेत. ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवा, दुधाळ चहासारखा चिकटा लागला तर पाणी ऑइलमध्ये जात असण्याची शक्यता आहे. मग स्टार्ट करा. गार इंजिनाला दोन मिनिटात वरचा होजपाइप दगडासारखा कडक झाला, किंवा कुलंटच्या टाकीत सारखे बुडबुडे यायला लागले, तर हेड गॅस्केट समजा आणि चहा पिऊन परत या. सायलेन्सरमधून पांढरा धूर, गाडी तापल्यावरही न थांबणारा, त्याचाही अर्थ बहुतेक तोच. निळा म्हणजे ऑइल जळतंय.

हे सगळं नीट निघालं तर पसरणी घाट चढून दाखवा म्हणावं, एसी लावून, चौघं बसून.

७८ हजारावर मला विश्वास नाही. डिझेल गाडी लोक घेतातच पळवायला, आणि इतक्या वर्षात एवढंच रनिंग? क्लच पेडलचं रबर आणि स्टेअरिंगचं कव्हर किती गुळगुळीत झालंय ते बघा, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबर देऊन जुनी हिस्टरी काढून घ्या, ओनरला सोबत नेलंत तर बरं.

आता कागद. पासिंग १५ वर्षांचं, म्हणजे नोव्हेंबर २०२७ ला संपतंय. त्यानंतर फिटनेस, ग्रीन टॅक्स, रिन्युअलची फी, आणि मिळतं ते पाच वर्षांसाठी. एक चाळीस अधिक चाळीस म्हणजे एक लाख ऐंशी, ह्या हिशोबात ते कुठेच नाहीये. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९-३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) सही करून "नाव नंतर लावू" हे मेव्हण्यांच्या ओळखीत तर हमखास होतं. ते ओनरलाच महागात पडू शकतं, कारण २०१८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आरसीवर नाव ज्याचं, अपघाताची जबाबदारी त्याची. इन्शुरन्सही १४ दिवसात नावावर करून घ्या, आणि त्यांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी प्रीमियममधली सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसासोबत जातो.

माझं मत विचाराल तर सोडा. वाई-पाचगणी एवढ्याच रनिंगला डिझेलचा फायदा निघत नाही, त्यापेक्षा त्याच एक लाख ऐंशीत पेट्रोल वॅगनआर नाहीतर ऑल्टो शोधा, दिसायला साधी, पण घाटात थांबवून बोनेट उघडायला लागणार नाही अशी. आणि ओळखीच्या माणसाशी घासाघीस करता येत नाही, नंतर भांडताही येत नाही. मेव्हण्यांना सांगा मेकॅनिक नको म्हणाला.

प्रश्न: दिल्ली पासिंगची गाडी नाशिकमध्ये निम्म्या किमतीत मिळतेय. काय हरकत आहे?

उत्तर: किंमत निम्मी का आहे ते आधी बघा. दिल्लीत डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची अट लागल्यापासून तिथल्या जुन्या गाड्या बाहेर स्वस्तात जायला लागल्या. इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त वापरायची तर नवीन नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला टॅक्स वेगळा. एजंटकडून हा सगळा आकडा लेखी घ्या आणि मग दोन्ही किमती शेजारी ठेवून बघा. एनओसी आधीच काढलेली नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका.