कूपरेजवरचे जीपवाले

प्रश्न : माझा मुलगा मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा कट्टर चाहता. २०२०-२१ साली त्यांनी आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकली तेव्हापासून 'मुंबईला देशाचं विजेतेपद पहिल्यांदाच मिळालं' असं तो सांगत सुटलाय. माझे वडील म्हणतात, त्याच्या खूप आधी महिंद्राने जिंकलं होतं. खरं कोणाचं? तो क्लब गेला कुठे? आणि मुलाच्या वाढदिवसाला महिंद्राची जर्सी मिळेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आजोबांना नमस्कार सांगा, पैज त्यांनी जिंकली. २००५-०६चा मोसम. तेव्हा आयएसएल सोडाच, तिच्या आधीची राष्ट्रीय स्पर्धा आय-लीगही नव्हती; नॅशनल फुटबॉल लीग होती. तिच्या अकरा मोसमांत चषक मुंबईत आला तो एकदाच, महिंद्रा युनायटेडमुळे. कोलकात्याचं ईस्ट बंगाल दुसरं राहिलं. त्याच मोसमात फेडरेशन कपही यांनीच मारला. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा, आणि आघाडीवर ब्राझीलचा बारेटो. हो, कोलकात्याचे मोहन बागानवाले ज्याला अजून डोक्यावर घेतात तोच.

मी तेव्हा फोर्टातल्या एका बँकेत कारकून होतो. अर्ध्या दिवसाची रजा टाकायची आणि चालत कूपरेजचं फुटबॉल मैदान गाठायचं. शेजारच्या बागेत पोरं घोड्यावर चकरा मारत असायची, भिंतीअलीकडे आम्ही. समोर कोलकात्याचा संघ असला की स्टँडमध्ये निम्म्याहून जास्त बंगालीच. घरच्या मैदानात पाहुणे आम्ही! माझ्या बाजूला बहुतेक वेळा कंपनीच्या कारखान्यातले एक काका असत. बॉल बगलेवर स्टीव्हन डायसकडे गेला की ते उभे राहून ओरडायचे, 'गिअर टाक रे!' संघाचं टोपणनावच जीपवाले, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटत नसे.

आता तो गेला कुठे. हा क्लब १९६२चा, कंपनीचा. मुंबईचं फुटबॉल असंच वाढलं : टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, रेल्वे, एअर इंडिया. खेळाडूला नोकरी मिळे, कंपनीला नाव. पुढे लीग व्यावसायिक झाली, करार आले, परदेशी खेळाडू आले, खर्च फुगला. तिकिटाची कमाई मात्र आमच्यासारख्या मूठभर रजावाल्यांची. महिंद्राने तरीही खेचलं. २००७ला आशियाई क्लबांच्या एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले, २००८ला ड्युरँड कप जिंकला. २०१०मध्ये कंपनीने व्यावसायिक संघ बंद करून शालेय फुटबॉलकडे वळायचं ठरवलं. हिशेबाच्या वहीत ते चुकीचं नसेलही. पण संघ चांगला खेळत असताना मिटला, हे मला अजून पचलेलं नाही. हरून खालच्या लीगमध्ये गेला असता तरी चाललं असतं. निदान परत वर यायची वाट बघत बसलो असतो.

एक धागा उरलाय, तो मुलाला सांगा. महिंद्राच्या मधल्या फळीत खेळलेला खालिद जमील पुढे प्रशिक्षक झाला, २०१६-१७ला आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली, आणि २०२५मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला.

जर्सीचं म्हणाल तर दुकानात मिळणार नाही. तेव्हाही आमच्यापैकी कोणाकडे नव्हती. खिशाला बॉलपेन, हातात रिकामा डबा, बाही दुमडलेली : महिंद्राचा चाहता असा दिसायचा. पोराला तसं सजवा, आजोबा लगेच ओळखतील.